आजारी पिल्लू कोंबडीखालीच ठेवायचं की पेटीत घ्यायचं?

रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला बसवलेल्या कोंबडीची अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात, दहातली आठ पिल्लं तुरुतुरु फिरायला लागतात आणि दोन नुसतीच पडून असतात, डोळे अर्धे मिटलेले. मग घरात दोन पार्ट्या पडतात. आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आई म्हणते, ढकल तिच्या पोटाखाली, तिला सगळं कळतं. भाऊ म्हणतो पुठ्ठ्याची पेटी आण, बल्ब लाव. मी दोन्ही करून बघितलंय, दोन्हीकडे पिल्लं वाचली पण आणि मेली पण. माझं म्हणणं एवढंच की पिल्लाला काय झालंय ते आधी बघा, जागा नंतर ठरवा.

उबेच्या बाबतीत कोंबडीला तोड नाही. तिचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास असतं, लाईट गेली तरी ती बंद पडत नाही आणि पिल्लू गरम झालं की आपणच बाहेर डोकं काढतं. पण ती घरट्यावर बसून राहणार फार तर एक-दोन दिवस. अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात गेलेला असतो त्यामुळे दोनेक दिवस त्याला खायला नसलं तरी चालतं, नंतर कोंबडी चालत्या पिल्लांना घेऊन माडाच्या बुडाशी उकरायला जाते आणि ज्याला चालता येत नाही ते मागे राहतं. मे महिन्यात तेवढं वाईट नाही, पण जूनमध्ये आपल्याकडे अंगण सतत ओलं, पिल्लू भिजलं की गारठलं, गारठलं की खाणं बंद. वर मुंगूस, धामण, घार आहेतच. म्हणून माझी पहिली परीक्षा एकच, पिल्लू आईच्या मागे दहा पावलं जातं का. जात असेल तर शक्यतो तिच्याकडेच राहू दे.

पेटीत पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ डिग्री पाहिजे आणि पुढे दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं. बल्ब जुना पिवळाच पाहिजे, एलईडी लावून काही उपयोग नाही, त्याने उजेड पडतो पण ऊब नाही, हे आमच्या भावाला एक रात्र गेल्यावर कळलं. ६० वॅटचा बल्ब दिवसरात्र चालला तर रोजचं दीड युनिटसुद्धा जळत नाही, तेव्हा खर्चाची भीती नको, भीती लाईट जाण्याची. पावसात रात्री दोन वाजता लाईट गेली की उठून पाणी गरम करा, बाटलीत भरा, फडक्यात गुंडाळा आणि पिल्लाजवळ ठेवा, परत पाचला उठा. हे जमणार नसेल तर पेटीच्या नादाला लागू नका, सरळ सांगतो. आणि बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, तारेने घट्ट बांधा, खाली पुठ्ठा आणि सुकं तूस असतं. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात, बल्बखाली ढीग करून ओरडत असतील तर थंडी, कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा.

आता आजारावर येतो. पाय फाकलेलं पिल्लू, म्हणजे दोन्ही पाय बाजूला सरकून पोटावर पडलेलं, हे पेटीचंच काम, इथे आई हरली. आमच्याकडे तर हा आजार पेटीनेच दिला होता, कारण मी तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र घातलेलं. पिल्लाचे पाय घसरत राहतात आणि तसेच वळतात. पेपर काढून गोणपाट घातलं, एक बँडेज उभं कापून अरुंद पट्टी केली आणि दोन्ही पायांना बांधली, मधे एवढंच अंतर की पाय अंगाखाली सरळ येतील. पहिल्या दिवशी ते तोंडावर पडत होतं, बघवत नव्हतं, दुसऱ्या दिवशी उड्या मारत कण्यांपर्यंत पोचलं, चौथ्या दिवशी पट्टी काढली. पण हे पहिल्या दोन-तीन दिवसांत करायचं, आठवडा गेला की हाडं घट्ट होतात, मग फरक पडणं कठीण. कोंबडीखाली असं पिल्लू तिच्याच पायाखाली चिरडतं.

उलट मागे शी चिकटून सुकलेली असेल तर पेटीची गरज नाही. ती गाठ तशीच राहिली तर शी बाहेर येत नाही आणि पिल्लू मरतं, पण काम पाच मिनिटांचं आहे. कोमट पाण्याने भिजवून मऊ करा, ओढू नका कारण ओढलं की कातडी सोलते, पुसून पूर्ण सुकवा आणि परत आईकडे. एक घोळ बरेच जण करतात, पोटाखालच्या नाभीवरची सुकी खपली म्हणजे शी समजून ओढतात. ती मुळीच काढायची नाही.

नाभीच ओली, सुजलेली, वास येणारी असेल तर मात्र त्या पिल्लाला सगळ्यांपासून वेगळं काढा, कोंबडीपासून पण. नाभीला पोविडोन आयोडीन लावतात, आम्ही पण लावलं, तरी यातली बरीचशी वाचत नाहीत हे मनाशी धरूनच करा. बोटं आत मुडपलेली असतील तर अनेकदा व्हिटॅमिन बी टू कमी पडलेलं असतं, व्हिटॅमिनचे थेंब पाण्यात द्या, चालत असेल तर कोंबडीकडे राहिलं तरी चालेल.

पाणी दोन्हीकडे उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, नाहीतर अशक्त पिल्लू बोटभर पाण्यात बुडतं. पेटीत एकट्याला ठेवू नका, दिवसभर ओरडून थकतं, पाय किंवा अशक्तपणाचं असेल तर एक धडधाकट भावंड सोबत द्या. नाभीवाल्याला अर्थात सोबत नाही.

डॉक्टरचं म्हणाल तर एका पिल्लासाठी जायला लोक लाजतात. पण एका दिवसात तीन-चार मेली, किंवा तिसऱ्या आठवड्यानंतर शीमध्ये रक्त दिसलं, तर तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात जाच, तेव्हा पेटी की कोंबडी हा प्रश्नच राहत नाही. रक्ताची शी बहुतेक ओल्या तुसातून येणारी कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्याचा आजार असते, पावसाळ्यात तूस रोज बदला. रानीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची लासोटा लस पाच-सात दिवसांच्या पिल्लांच्या डोळ्यात थेंब घालून देतात, पण बाटली शंभर-दोनशे पिल्लांची येते, म्हणून वाड्यावरच्या चार घरांनी मिळून आणा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिल्लं आणली असतील तर ती घरच्यांत लगेच सोडू नका.

मी सध्या करतो ते असं. अशक्त पिल्लू दिवसा पेटीत आणि रात्री कोंबडीखाली. परत ठेवताना काळोख पडल्यावर हळूच मागच्या बाजूने सरकवायचं, दिवसा समोर ठेवलं तर ती परकं समजते. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच चालतं. आणि त्याआधी तिच्या पंखाखाली उवा-पिसवा आहेत का ते बघायचं, नाहीतर अशक्त पिल्लाचं उरलंसुरलं रक्त त्या पिणार. सकाळी उजाडायच्या आत चहाचा कप घेऊन खुराड्याजवळ लांब बसायचं. तिने पंख पसरून आत घेतलं तर ठीक, डोक्यावर दुसरी टोच बसली की उचलून परत पेटीत.