वर्डमध्ये चौकटी सरळ रेषेत लावायच्या आहेत: ग्रिड, हिरव्या रेषा, अलाइन की टेबल?

जलशुद्धीकरणाचा तक्ता करायचाय असं धरू. धरण, तुरटी, निवळण, गाळण, क्लोरीन, टाकी अशा सहा चौकटी. वर तीन, खाली तीन, मध्ये बाण. माउसने ओढून लावल्या की पडद्यावर ठीक दिसतात. प्रिंट हातात आली की मधली चौकट केसभर खाली आणि बाण किंचित तिरका. मुलं अशा तक्त्यात बघूनच वहीत आकृती काढतात, म्हणून तो नेटका असायलाच हवा असं मला वाटतं. त्यासाठी वर्डमध्ये चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

आधी चारही मार्गांआधीची एक गोष्ट. चित्र 'इन लाइन विथ टेक्स्ट' असेल तर वर्ड त्याला एखाद्या अक्षरासारखं वागवतो. ते ग्रिडला चिकटत नाही आणि अलाइनलाही दाद देत नाही. 'रॅप टेक्स्ट'मधून 'स्क्वेअर' किंवा 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' निवडा, मग पुढचं.

ग्रिड

'लेआउट' टॅबमध्ये 'अलाइन', त्यात सगळ्यात खाली 'ग्रिड सेटिंग्ज'. पानावर आलेखाच्या कागदासारखी जाळी येते, ती छापली जात नाही, आणि चौकट सरकवली की जवळच्या रेषेला जाऊन बसते. बहुतेक जण इथपर्यंत येतात, मूळचं अंतर तसंच ठेवतात आणि मग 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. हे मूळचं अंतर साधारण पाव इंचाच्या निम्मं, म्हणजे ०.३२ सेंटिमीटर असतं. आपण पट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजणारे, त्यामुळे त्यात कुठलाच हिशेब जुळत नाही.

माझा हिशेब असा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. डाव्या-उजव्या बाजूचा समास २.५४ ऐवजी २.५ केला की मध्ये बरोबर १६ सेंटिमीटर उरतात. ग्रिडचं आडवं-उभं अंतर ०.५ ठेवलं की ३२ घरं. आता ४ सेंटिमीटरच्या तीन चौकटी आणि मध्ये २ सेंटिमीटरच्या दोन फटी: बरोबर १६. चौकटीची रुंदी आणि उंची दोन्ही नेहमी सम घरांची घ्या. ४ सेंटिमीटर म्हणजे ८ घरं, त्यामुळे चौकटीचा मध्य थेट रेषेवर येतो आणि बाणही त्याच रेषेवरून जातो. २.५ सेंटिमीटर घेतलंत तर ५ घरं होतात, मध्य घराच्या पोटात पडतो आणि बाण कधीच बरोबर मध्यावर लागत नाही.

त्याच खिडकीत 'यूज मार्जिन्स'वर खूण ठेवली की जाळी समासापासून मोजायला लागते. वरचा हिशेब त्यावरच उभा आहे. सगळ्या रेषांची गर्दी डोळ्यांना त्रास देत असेल तर दर दुसरी रेषाच दाखवायला सांगता येतं. चौकट तरीही अर्ध्या सेंटिमीटरवर बसते. जाळी लपवूनही चिकटणं हवं असेल तर त्याचीही खूण तिथेच आहे. एखादी गोष्ट दोन घरांच्या मध्येच ठेवायची असेल तर ओढताना 'ऑल्ट' दाबून धरा, तेवढ्यापुरती पकड सुटते.

ग्रिडची उणीव एकच, पण मोठी. आधी काढून ठेवलेल्या चौकटी ती आपणहून हलवत नाही. पूर्ण घरांत न बसणाऱ्या रुंदीची चौकट सरकवलीत तर तिची डावी कड रेषेवर येते आणि उजवी अधांतरी राहते. म्हणून ग्रिड कामाच्या सुरुवातीलाच लावायची. जुन्या फाइलमध्ये लावायचीच असेल तर प्रत्येक चौकटीची रुंदी-उंची आकड्यांत टाकून घ्यायची.

हिरव्या रेषा

वर्ड २०१३ पासून वस्तू ओढताना पानाच्या मध्यावर, समासावर किंवा परिच्छेदाच्या कडेला हिरवी रेषा चमकते. एखादं बोधचिन्ह किंवा फोटो पानाच्या मधोमध बसवायचा असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. मात्र या रेषा आणि जाळी एका वेळी चालत नाहीत. एक सुरू केली की दुसरी बंद होते.

अलाइन

दुसऱ्या कोणी केलेली विस्कटलेली फाइल हातात आली की मी ग्रिडच्या वाटेला जात नाही. 'शिफ्ट' धरून चौकटी निवडायच्या, 'अलाइन टॉप' म्हणायचं की सगळ्या सर्वांत वरच्या चौकटीच्या पातळीला येतात. मग 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली' केलं की मधल्या फटी सारख्या होतात. त्यासाठी निदान तीन चौकटी हव्यात. त्याआधी 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स'वर खूण आहे ना, तेवढं पाहा. तिथे पान निवडलेलं राहिलं तर सगळ्या चौकटी कागदाच्या वरच्या कडेला जाऊन आदळतात. अलाइन रांग लावून देतं. नेमकी ४ सेंटिमीटरची चौकट नेमक्या जागी हवी असेल तर ते काम ग्रिडचं.

टेबल

ओळखपत्रं, नावाच्या चिठ्ठ्या, फोटो आणि खाली नाव अशा कामांना आकृतीच्या चौकटी वापरूच नका. टेबल घ्या, किनारी काढून टाका. मजकूर वाढला तरी रांग मोडत नाही. टेबलाच्या टॅबमध्येही 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' आहे. ती टेबलाच्या अदृश्य किनारी दाखवते, तिचा वरच्या जाळीशी संबंध नाही.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस रायटर हा तसाच दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनाही जाळी मिळते. 'व्ह्यू'मधल्या 'ग्रिड अँड हेल्पलाइन्स'मध्ये दाखवणं आणि चिकटणं अशा दोन वेगळ्या खुणा आहेत, आणि अंतर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'रायटर', 'ग्रिड' या वाटेने बदलतं. दोन्ही खुणा समोरच असल्यामुळे नवशिक्याला ही मांडणी जास्त सोपी जाते असा माझा अनुभव आहे.

आमच्या तक्त्यासाठी मी ग्रिड निवडली. सहा चौकटी बसल्यावर बाणांसकट सगळं निवडून उजव्या क्लिकने 'ग्रुप' केलं आणि 'मूव्ह ऑब्जेक्ट विथ टेक्स्ट'ची खूण काढली. ही खूण राहिली तर वर शीर्षकाची एक ओळ वाढली तरी अख्खा तक्ता ग्रिड सोडून खाली सरकतो.