अ‍ॅक्सोलोटलच्या टाकीसाठी टिश्यू कल्चर कपातील अनुबियास नाना

अ‍ॅक्सोलोटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याच्या टाकीत जिवंत वनस्पती लावायच्या असतील, तर सुरुवात अनुबियास नाना या पाणवनस्पतीपासून करावी आणि ती कुंडीतली न घेता टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या रोपांच्या, कपातली घ्यावी, असे वापरानंतर माझे स्पष्ट मत झाले आहे. मेक्सिको सिटीच्या सोचिमिल्को भागातील कालव्यांत मूळ असलेल्या या प्राण्याला 16 ते 18 अंश सेल्सिअसचे थंड पाणी लागते आणि पापण्या नसल्यामुळे त्याला प्रखर दिवा सोसत नाही. दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक पाणवनस्पतींना नेमके याच्या उलट वातावरण हवे असते. पश्चिम आफ्रिकेतील ओढ्यांकाठी सावलीत वाढणारी अनुबियास मात्र मंद उजेडात तग धरते आणि थंड पाणीही निभावून नेते.

कुंडीतल्या रोपांबद्दल माझी तक्रार स्वच्छतेची आहे. त्यांच्या मुळांभोवती रॉकवूल (दगडापासून बनवलेले कापसासारखे तंतू) घट्ट भरलेले असते, पानांमागे गोगलगायींची अंडी चिकटलेली असू शकतात आणि रोपवाटिकेत फवारलेल्या कीटकनाशकाचा अंशही राहिलेला असू शकतो. अ‍ॅक्सोलोटलची त्वचा नाजूक आणि कल्ले उघडे असल्यामुळे असा अंश त्याला फार लवकर बाधतो. शिवाय तो भक्ष्य पाण्यासकट तोंडात ओढून घेतो, तेव्हा सैल झालेले रॉकवूल किंवा बारीक खडेही पोटात जातात. एका दुकानातून आणलेल्या जुडीला तर शिशाची पट्टी गुंडाळलेली होती. ती काढून टाकावी, हे सांगण्याचीही तसदी दुकानदाराने घेतली नाही.

कपातली रोपे पारदर्शक जेलमध्ये रुतलेली असतात. वाहत्या पाण्याखाली धरून बोटांनी हलकेच चोळले की जेल सुटते आणि खाली पांढरी, कोवळी मुळे दिसतात. मग रोपांचे छोटे गुच्छ करून ते सायनोअ‍ॅक्रिलेट जेल गोंदाने (सुपरग्लूने) गुळगुळीत दगडावर चिकटवावेत. लाव्हा रॉक खरखरीत असतो आणि त्याने प्राण्याची कातडी खरचटते. पाने जिथून फुटतात ते आडवे खोड वाळूत पुरू नये, कारण ते कुजते. वाळूत मुळे धरणारी व्हॅलिस्नेरिया अ‍ॅक्सोलोटल रात्रीच्या वावरात उपटून टाकतो, तसे दगडावरच्या अनुबियासचे होत नाही. तो मांसाहारी असल्यामुळे पानांना तोंडही लावत नाही.

उणीव आहे ती वाढीची. थंड पाण्यात नवे पान यायला कित्येक आठवडे जातात, तोवर जुन्या पानांवर शेवाळ धरते आणि ते हाताने पुसावे लागते. इतकी संथ वनस्पती पाण्यातले नायट्रेट (प्राण्याच्या विष्ठेतून साठत जाणारा क्षार) फारसे शोषत नाही, म्हणून जोडीला हॉर्नवर्ट तरंगत ठेवावी. ती मुळांशिवाय जगते, थंडीत जोमाने वाढते आणि वरून सावली धरते. तिच्या गळणाऱ्या सुयांनी फिल्टर तुंबतो, तेवढा त्रास सोसावा लागतो. वाढीला वेग यावा म्हणून ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक असलेले, ‘द्रव कार्बन’ नावाने विकले जाणारे वनस्पतींचे पूरक किंवा तांबेयुक्त खत या टाकीत घालू नये, दोन्ही प्राण्याला बाधतात. प्राण्याच्या विष्ठेतून मिळणारे पोषण या दोन्ही वनस्पतींना बहुधा पुरते.

कप कुंडीपेक्षा महाग पडतो आणि त्यातली रोपे बरीच लहान असतात, तरीही निर्धोकपणासाठी ही किंमत मला योग्य वाटते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तो कुरिअरने मागवू नये. बंद कपात रोपे उकडून निघतात.