यंत्रपूजा की पाळीच्या सुरुवातीची बैठक?

कारखान्यात माणसं मनापासून पाळतील अशी प्रथा हवी असेल, तर खंडेनवमीच्या यंत्रपूजेचा पाया तयारच असतो. आश्विन शुद्ध नवमीला लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, पुसून लख्ख होतो, हेडस्टॉकवर (फिरवणाऱ्या डोक्यावर) हळदकुंकू, वर झेंडूची माळ. पूजा मात्र त्या यंत्रावर रोज उभा राहणाऱ्याच्याच हातून व्हावी. मालकांनी त्याच्यापाशी चालत जावं. मेन स्विच बंद हवा. अक्षता लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या रुळांवर, नकोत, तांदळाचा दाणा त्यावरून सरकणाऱ्या कॅरेजखाली जातो. कापूर तेलापासून लांब, आणि चकवरची (काम पकडून फिरणाऱ्या भागावरची) माळ यंत्र सुरू करण्याआधी काढायची म्हणजे काढायचीच. प्रथा बिघडते कशाने? साहेब तासभर उशिरा येतात, आणि पेढ्यांचा पुडा कंत्राटी कामगारांपर्यंत पोचत नाही. हे दुसरं लोक वर्षभर विसरत नाहीत.

बैठक रोजची, उभ्याउभ्या, दहा मिनिटांची. फळ्यासमोर आठ-दहा जण. आधी काल थोडक्यात टळलेला अपघात, मग आजचं काम. सुपरवायझर एकटाच बोलू लागला की तिची नुसती हजेरी होते, म्हणून बोलणारा रोज बदलावा. कुणाला झापायचं तर इथे नको.

एकच निवडायची तर बैठक निवडा. वर्षातून एकदा दिलेला मान उरलेल्या दिवसांना पुरत नाही. पूजा आधीपासून होत असेल तर मोडू नका, फक्त आरतीची सक्ती कुणावर नको.