जुन्या लाकडी क्विल्टिंग फ्रेमवर नऊ महिने

मागच्या ऑक्टोबरमध्ये इथे पेन्सिल्वेनियात, लँकेस्टरजवळच्या एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून क्विल्ट (दोन कापडांमध्ये मऊ भराव घालून शिवलेलं, गोधडीसारखं पांघरूण) हाताने शिवायची ही फ्रेम घेतली. ३५ डॉलर. नवी लाकडी फ्रेम कित्येकशे डॉलरला पडते म्हणून मी इतकी वर्षं हुपवरच (कापड ताणून धरायची हातातली गोल चौकट) भागवत होते, छोटी कामं व्हायची पण डबल बेडची क्विल्ट मांडीवर घेऊन शिवायची म्हणजे सगळा गठ्ठा अंगावर आणि उन्हाळ्यात तर नकोच. तर आता नऊ महिने रोज तास-दीड तास बसून झालंय, एक क्विल्ट पूर्ण आणि दुसरी गोधडी अर्ध्याच्या पुढे गेलीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. दोन बाजूंना दोन लाकडी घोडे, त्यांच्यामध्ये आडवे दोन लांब दांडे, साधारण नऊ फुटी. दोन्ही दांड्यांवर गादीच्या खोळीचं असतं तसं पट्ट्यापट्ट्याचं जाड कापड चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेलं, त्याला क्विल्टचं अस्तर टाचायचं. दांड्याच्या टोकाला दात्यांचं लाकडी चाक आणि त्यात अडकणारी खिटी. दांडा फिरवला की शिवून झालेला भाग गुंडाळला जातो आणि पलीकडून कोरा भाग समोर येतो. एका वेळी फूट-दीड फूट पट्टाच उघडा असतो.

घरी आणल्यावर लगेच वापरता आली नाही. लाकडात बारीक भोकं दिसली तेव्हा पोटात गोळाच आला, मग खाली काळा कागद पसरून दोन आठवडे तशीच ठेवली, ताजा भुसा पडला नाही म्हणजे कीड बहुधा जुनी आणि मेलेली. ठोकलेलं कापड मात्र काढावंच लागलं, चुका गंजल्या होत्या आणि गंजाचा डाग क्विल्टला लागला की गेलं काम. नवीन कापड लावलं, दोन्ही दांड्यांचा मध्य पेन्सिलने खुणावला. आणि तेव्हा दिसलं की जुन्या कापडाखाली लाकडावर कोणीतरी आधीच इंचाइंचाच्या खुणा केल्यात, मध्यावर एक छोटी फुली. माझा मध्य त्या फुलीवरच आला. त्या बाई कोण होत्या मला माहीत नाही पण मी ती फुली पुसली नाही.

एका चाकाचा दात तुटलेला होता, नवऱ्याने मेपलचा तुकडा कापून बसवला, अजून टिकलाय. लाकडाला जवसाचं तेल लावायचा मोह होतो सगळ्यांना, मी लावलं नाही, कापडाला तेलाचा डाग नको म्हणून फक्त मेण घासलं. कोणी लावणार असाल तर पूर्ण वाळू द्या आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.

आता प्रत्यक्ष शिवण्याबद्दल. सगळ्यात मोठी चूक मी केली ती कापड ढोलकीसारखं ताठ ओढायची. दिसायला छान दिसतं, पण सुई वर-खाली झुलवून एकदम तीन-चार टाके घ्यायचे असतात ना, त्याला कापडात थोडी ढील लागतेच. आता मी वरून बोट दाबलं की कापडाखाली धरलेल्या हाताचं बोट नीट जाणवेल इतपत सैल ठेवते आणि टाके लगेच सुधारले, इंचाला पाच होते ते सात-आठ झाले. सुई 'बिटवीन्स' प्रकारची, आखूड असते. तिचा नंबर वाढला की सुई लहान होते हे लक्षात ठेवा, सुरुवातीला ९ नंबर घ्या, एकदम ११-१२ वर जाऊ नका. मधल्या बोटात थिंबल, म्हणजे आपल्या शिंप्याचं अंगुस्तान. खालच्या हाताच्या बोटाला पहिले तीन आठवडे टोचून टोचून आग होते, मग कातडी जाड होते. रक्ताचा डाग पडला तर लगेच थंड पाण्याचा बोळा, गरम पाणी अजिबात नाही.

फ्रेमचा एक खरा त्रास असा की काम फिरवता येत नाही. हुप फिरवून आपण नेहमी सोयीच्या दिशेने टाका घालतो, इथे फ्रेम जागची हलत नाही त्यामुळे वेलबुट्टी असेल तर कधी आपल्याकडे, कधी आडवं, कधी आपल्यापासून दूर शिवावं लागतं आणि दूर जाणारा टाका अंगठ्याने ढकलायचा असतो, तो मला अजून धड येत नाही. दुसरा त्रास जागेचा. नऊ फुटांची वस्तू आवरून ठेवता येत नाही, आमच्या घरात डायनिंग टेबल बेसमेंटमध्ये गेलंय आणि आम्ही किचनमध्ये जेवतो. अपार्टमेंटवाल्यांनी घेण्याआधी दहा वेळा विचार करा. तिसरं म्हणजे हवा. हिवाळ्यात हीटर चालू झाला की लाकूड आकसतं आणि खिट्या सैल पडतात, रात्रीत दांडा सटकन सुटायचा. आता जुलैत दमट हवेने चाकं फुगून इतकी घट्ट झालीत की फिरवायला दोघं लागतात. चार दिवस काम करणार नसाल तर ताण सोडून ठेवा, नाहीतर कापड ओढलं जातं.

पहिली क्विल्ट, साधारण ८० बाय ९० इंच, नोव्हेंबर ते एप्रिल चालली. आत हॉब्ज कंपनीची ८० टक्के कापसाची बॅटिंग (मधला भरावाचा थर), सुई छान जाते तिच्यातून. त्या क्विल्टला मी जमिनीवर बसून तिन्ही थरांना कच्चा टाका घातला, दोन दिवस पाठ धरली होती, आणि तिन्ही थर एकत्रच पलीकडच्या दांड्यावर गुंडाळले. झालं काय, गुंडाळताना आतल्या थराला कमी अंतर पडतं आणि बाहेरच्याला जास्त, त्यामुळे अस्तराला मध्येच चुण्या पडल्या आणि ते कळलं कधी, तर तीन गुंडाळ्या पुढे गेल्यावर. सगळं उलगडून दीड फूट उसवलं. रडू आलं खरंच. मग शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांनी दाखवलं की फक्त अस्तर दोन्ही दांड्यांना टाचायचं, बॅटिंग आणि वरचं कापड आपल्या बाजूला टाचून पलीकडे नुसतं लोंबकळत ठेवायचं आणि प्रत्येक गुंडाळीला हाताने सारखं करून घ्यायचं. कच्चा टाका घालायलाच नको. ही एक गोष्ट आधी कळली असती तर!

आता मला जे खरं सांगायचंय ते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. दुसऱ्या शनिवारी तिला गॉर्डनव्हिलच्या मड सेलला नेलं. इथल्या गावोगावच्या फायर कंपनीसाठी, म्हणजे अग्निशमन दलासाठी, हे लिलाव असतात, बर्फ वितळून सगळीकडे चिखल असतो म्हणून ते नाव, तिथे आमिश (जुन्या पद्धतीने साधं राहणारा ख्रिस्ती पंथ) बायकांनी हाताने शिवलेल्या क्विल्ट लिलावाला असतात. आई एकेका क्विल्टची मागची बाजू उलटून बघत होती, पुढची नाही. तिचं माहेर इचलकरंजीचं. आमची फ्रेम बघितल्यावर म्हणाली, "अगं, हा तर मागच की, विणलेलं कापड असंच गुंडाळत जातं." आणि मग गप्प बसली.

आईने आमच्या सगळ्यांच्या गोधड्या शिवल्यात, तिकडे आमच्यात वाकळ म्हणतात. जुनी लुगडी-धोतरं थरावर थर अंथरायची, कडेला पाटा-वरवंटा नाहीतर डबे ठेवायचे आणि जमिनीवर बसून, सरकत सरकत, कडेकडून आत धावदोरा घालत जायचं. गेली सात-आठ वर्षं तिने एकही शिवली नव्हती. आम्हाला वाटायचं हौस संपली असेल. हौस नाही संपलेली, गुडघे संपलेत. खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही, आणि जमिनीवर बसल्याशिवाय गोधडी शिवायची दुसरी रीतच तिला माहीत नव्हती. इथे फ्रेमसमोर बिनहाताची खुर्ची टाकली, घोड्यांखाली ठोकळे लावून दांडा तिच्या कोपराच्या उंचीला आणला, पाय खाली मोकळे. पहिल्या दिवशी ती तीन तास उठलीच नाही.

एप्रिलच्या शेवटी क्विल्ट उतरवली आणि मे महिन्यात तिने बॅगेतून आणलेल्या सहा सुती साड्यांची गोधडी चढवली. बॅटिंग नाही, चार थर साड्याच. इथे माझी सुई वाकली, दोन मोडल्या, मग लांब जाड सुई घेतली आणि झुलवायचं सोडून आईसारखा सरळ धावदोरा. तिचे टाके इंचाला चारच, पण ओळी बोटभर अंतरावर, आखल्याशिवाय सरळ. मी आणि ती समोरासमोर बसतो, तेव्हा मला दूर जाणारी जी ओळ अवघड पडते ती तिच्याकडे येणारी असते, म्हणून ती शिवते. नऊ महिन्यांत फ्रेमचा हा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता. लेक सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवते कारण आम्हा दोघींनाही आता सुईची नाकं दिसत नाहीत, आणि मग फ्रेमखाली चटई टाकून खेळते, वरून साड्यांतून लाल-हिरवा उजेड पडतो तिच्यावर.

घ्यायची असेल तर दांडा जमिनीवर लोळवून बघा, बाक असेल तर मधोमध क्विल्ट लोंबते. आमच्या एका दांड्याला थोडा बाक आहे, तो फुगीर बाजू वर करून वापरतो. चाकं आणि खिट्या चारही बघा. दिवा डावीकडून यायला हवा, उजव्या हाताची सावली टाक्यावर पडते नाहीतर. लहान कामांसाठी घेऊ नका, त्याला हुपच बरा. पण घरात कोणी गुडघ्यांमुळे शिवणं सोडलेलं माणूस असेल तर जागा करा, टेबल हलवा, काहीही करा पण घ्या.

गोधडीच्या अजून दोन गुंडाळ्या बाकी आहेत. आईचं परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं आहे, म्हणून हल्ली रात्रीची भांडी तशीच ठेवून आम्ही दोघी आधी फ्रेमवर बसतो.