गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी आणि साडेचार हजारांचं इग्निशन किट: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून

पॉइंट-कंडेन्सरच्या जागी बसणारं हे इलेक्ट्रॉनिक किट चांगलं आहे. वायर चार बोटं कमी आहे. साडेचार हजार रुपये मोजून घेतल्यावर वायर चार बोटं कमी का असावी, याचं उत्तर विक्रेत्याने अजून दिलेलं नाही, आणि ते मी सोडणारही नाही. पण ज्यांची जुनी गाडी सकाळी एका सेल्फला उठते आणि इंजिन तापलं की भर रस्त्यात मान टाकते, त्यांनी किटची ऑर्डर देण्याआधी रोगाबद्दल वाचावं. नाहीतर माझ्या गाडीवर गॅरेजने जे प्रयोग केले, तेच तुमच्या खिशावर होतील.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८८ची, १०८९ सीसी, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट असलेली. बाकीचं तुम्हाला पाठ असेल. लक्षण असं की पुण्यातून शिरवळपर्यंत कसलीही तक्रार नाही. खंबाटकीचा चढ सुरू झाला, दुसरा गिअर पडला, की आधी मिसिंग, मग दोन हिसके, मग शांत. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवतायत आणि आपण हँडब्रेक ओढून चाकाखाली दगड शोधतोय. वीसेक मिनिटं बोनेट उघडं ठेवलं की गाडी काहीच न घडल्यासारखी सुरू.

यावर आपल्याकडे निदान एकच, पंपात एअर लॉक, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनवरच्या पंपात वाफ अडकणं. उपायही एकच, त्या पंपावर ओलं फडकं. घाटात थांबलेला प्रत्येक भला माणूस येऊन हेच सांगतो, बाटलीतलं पाणीही देतो. फडकं टाकलं, गाडी सुरू झाली, निदान पक्कं! इथेच सगळे फसतात. फडकं टाकून, ते वाळेपर्यंत थांबून, चहा पिऊन होईस्तोवर पंप एकटाच गार होत नाही. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल गार होते, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गार होतो, अख्खं इंजिन गार होतं. त्यामुळे ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, यावरून पंपाचा दोष सिद्ध होत नाही. पाणी टाकायचंच असेल तर फक्त एकाच गोष्टीवर टाकावं आणि लगेच सेल्फ मारावा. मगच त्यातून काही कळतं.

आमच्या भागातल्या एका गॅरेजला हे पटवून देता देता माझी दमछाक झाली. त्यांनी कार्बोरेटर उतरवून साफ केला, नवा मेकॅनिकल पंप बसवला, रबरी पाइप बदलले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल होतं म्हणून तेही नवं दिलं (हे झाकण लक्षात ठेवा). गाडी पुन्हा खंबाटकीलाच बंद. विचारलं तर म्हणे, "साहेब, आजकाल पेट्रोलच असलं येतं, त्यात इथेनॉल. त्याला आम्ही काय करणार?" मी जुना पंप परत मागितला. ते आधी नाही म्हणाले, मग भंगारात गेला म्हणाले, मग बाकाखालून काढून दिला. घरी आणून पंपाचा दांडा हाताने दाबला आणि पेट्रोल आत येण्याच्या तोंडावर बोट ठेवलं. बोट असं धरून ठेवलं की सोडवून घ्यावं लागलं. डायाफ्राम, म्हणजे पंपातला पडदा, ठणठणीत! त्या बिलावरून झालेलं भांडण इथे लिहीत नाही.

इथेनॉल अगदीच निर्दोष आहे असंही नाही. जुन्या रबराला ते मऊ करतं, पाणी ओढतं, आणि पेट्रोलात मिसळलं की मिश्रणाची वाफ साध्या पेट्रोलपेक्षा लवकर होऊ शकते. पण वाफेचा त्रास कधी होतो ते बघा. तापलेलं इंजिन तुम्ही बंद करता, पट्ट्यावरचा पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, बोनेटखालची उष्णता वाढते आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं. म्हणजे धाब्यावर दहा मिनिटं थांबून निघताना गाडी सुरू होत नाही. चालत्या गाडीत, वारा लागत असताना, चटकन करंट गेल्यासारखी बंद पडत असेल तर आधी करंटच बघा.

आणि बघायचं ते बंद पडल्यावर पहिल्या मिनिटात. गार झाल्यावर सगळंच शहाण्यासारखं वागतं. कॉइलच्या मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या) टोपीतून काढा, रबरी मुठीच्या पकडीने धरा, टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल गळत नाही हे आधी बघा. मी मुलीला बसवलं होतं. "बाबा, अजून मारू का?" असं ती विचारत राहिली आणि मी पिवळट, लुळी, अधूनमधून गायब होणारी ठिणगी बघत राहिलो. चांगली ठिणगी निळसर असते आणि चट् चट् असा आवाज करते.

मग मीटर. थंड कॉइलच्या आतल्या दोन वेटोळ्यांपैकी प्रायमरी तीन ओहमच्या आसपास, सेकंडरी आठ हजारांच्या आसपास. दोन्ही बरोबर. म्हणूनच गॅरेजवाला म्हणाला होता, कॉइल ओके. तीच कॉइल घाटात हात लावता येणार नाही इतकी तापलेली असताना मोजली, तर सेकंडरीचा आकडा येईचना. आतली तार तापून फुगली की कुठेतरी सुटत होती आणि गार झाली की परत टेकत होती. नवी कॉइल टाकली आणि नव्वद टक्के त्रास गेला.

उरलेल्या दहा टक्क्यांनी मला या किटपर्यंत आणलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून अंधारात पॉइंट पाहिले, तर उघडताना त्यांच्यात मोठी पांढरी ठिणगी. ही कंडेन्सर गेल्याची खूण. बोटाच्या पेराएवढी डबी, किंमत दीडशे रुपये, आणि तीही तापल्यावरच दगा देते. नाना पेठेतून नवा आणला, थोड्याच दिवसांत तोही तसाच. आणखी एक आणला. तो तर आधीच्याहून वाईट. दुकानदार म्हणाला, "काका, मुंबईच्या टॅक्स्या होत्या तोवर माल फिरत होता." त्यात तथ्य आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलं, तरी काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे सुटे भाग खपत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आता डबीवर नाव कोणाचंही असो, आत काय भरलंय ते देव जाणे.

किट घेतलं ते कंडेन्सर कायमचा हाकलायला. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्या जागी सेन्सर बसवायचा, डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरखाली चुंबकाची कडी सरकवायची, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. अर्ध्या तासाचं काम. आणि इथे ती लाल वायर. माझ्या कॉइलपर्यंत ती पोचतच नाही. ताणून धरली तर टोपीच्या क्लिपवर घासते. म्हणजे मला जोड द्यावा लागला. ज्या गाडीत तापल्यावर कनेक्शन सुटतंय म्हणून हा सगळा उपद्व्याप केला, त्या गाडीत पहिलं काम काय, तर नवा जोड! वायर डिस्ट्रिब्युटरमधून बाहेर येते तिथलं रबरही खाचेपेक्षा जाड. मी ते कानसून बसवलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं, "सगळ्यांना बसतं." सगळ्यांना म्हणजे कोणाला? वायर मीटरने विकत घेतली तर चार बोटांचे किती पैसे होतात, हे कोणीही हिशोब करून बघावं.

तरीही पहिल्या पावसाळ्यात मी खूश होतो. ओल्या सकाळी गाडी पटकन उठते. आयडलिंग इतकं स्थिर झालं की सिग्नलला गाडी बंद पडली असं वाटून मी एकदोनदा चालू इंजिनलाच सेल्फ मारला. पॉइंटचा गॅप तपासायची कटकट संपली. अॅव्हरेज मात्र वाढलं नाही. बॉक्सवर काहीही छापलेलं असो, माझ्या पावत्या तसं म्हणत नाहीत. टायमिंग लाइट लावून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नव्याने बसवावं लागतंच, त्यातून सुटका नाही.

मग मार्च उजाडला आणि गाडी पुन्हा बंद. खंबाटकी नव्हे, सपाट रस्त्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने. त्या रात्री मी या किटला एक तारा देऊन चार ओळी लिहूनही ठेवल्या होत्या. पाठवल्या नाहीत, कारण ठिणगी बघायची राहिली होती. पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा लगेच पाहिली. निळीशार. (किट असेल तर वायर लोखंडापासून फार लांब धरू नका, किटचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जाऊ शकतं.) मग वायर जागेवर बसवली, एअर क्लीनर काढला आणि अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढला. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. एक थेंब नाही. डिकीकडे गेलो, टाकीचं झाकण फिरवलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. पंधरा सेकंदांत गाडी सुरू.

गॅरेजने दिलेल्या त्या नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल जाईल तशी हवा आत आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. याला तापण्याशी काही देणंघेणं नाही, लागतो तो वेळ. पण तेवढ्या वेळात इंजिनही तापलेलं असतं, म्हणून लक्षण हुबेहूब तेच. गंमत म्हणजे टाकी फुल असताना हे लवकर होतं, कारण वर हवेला जागा थोडी असते. म्हणजे पंपावर टाकी भरून निघालात आणि थोड्या वेळात बंद पडलात, की दोष त्या पंपाच्या पेट्रोलला! झाकणाला बारीक ड्रिलने भोक पाडलं. खर्च शून्य. किटचे काढून घेतलेले तारे परत दिले.

यंदाच्या मे महिन्यात वाईला जाऊन आलो, दुपारचं ऊन, चार माणसं, चढावर दुसरा गिअर. बंद पडली नाही. तरी डिकीत जुनी पॉइंटची प्लेट, एक बरा निघालेला कंडेन्सर आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवतो. पॉइंट मरताना चार दिवस कुरकुरतात, मॉड्यूल न सांगता जातं आणि घाटात त्याची दुरुस्ती होत नाही.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. कॉइल तीन ओहमच्या आसपासची हवी. बॅलास्टवाल्या (करंट कमी करणारा वेगळा रोधक असलेल्या) गाडीसाठीची दीड ओहमची कॉइल थेट लावली तर करंट दुप्पट वाहतो, मॉड्यूल तापतं आणि तुम्ही परत "गरम झाली की बंद"वर येता. सूचनापत्रिकेत याचा उल्लेख नाही. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकायची सवय असेल तर तीही मोडा, त्यानेही मॉड्यूल तापतं.

आणि हो, परवा विक्रेत्याच्या पानावर नवा माल दिसला. "आता लांब वायरसह." किंमत दोनशे रुपयांनी जास्त. जुन्या ग्राहकांना नुसती वायर मिळेल का, असं विचारलंय. निळी टिक आली आहे.