ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानतळांमधील अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळाचा अनुभव

माझी भाची संशोधनासाठी उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या द्वीपसमूहावर जाणार असे ठरल्यावर घरातील पहिला प्रश्न ‘किती लांब?’ हाच होता, आणि निवृत्त भूगोल शिक्षक म्हणून उत्तर देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. त्यासाठी दोन विमानतळांची नावे दिली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी महिनाभर वापरले.

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि स्वालबार्डमधील लाँगइयरब्येन यांतील अंतर त्याने सुमारे 960 किलोमीटर दाखवले. अक्षांश-रेखांशांवरून मी स्वतः आकडेमोड करून पाहिली, तेव्हा ते बरोबर निघाले. मर्केटर पद्धतीच्या नकाशावर मात्र हेच अंतर जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारीइतके दिसते, कारण ध्रुवाकडे जावे तसा तो नकाशा ताणला जातो आणि या पट्ट्यात तो ताण तिपटीपासून पाचपटीपर्यंत पोहोचतो. वर्गात वर्षानुवर्षे हे सांगूनही माझा स्वतःचा अंदाज चुकला, हे कबूल करायला हवे.

वेळेच्या बाबतीत मात्र माझा इतका विश्वास बसला नाही. ताशी 800 किलोमीटर वेग धरायचा आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा, असा या संकेतस्थळाचा ठोकताळा दिसतो. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येनसाठी त्यातून एक तास बेचाळीस मिनिटे येतात आणि जेट विमानाच्या बाबतीत ती वास्तवाच्या जवळ आहेत. पण भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र 2008 पासून स्वालबार्डमधील ज्या न्यू-ऑलेसुंडला आहे, तेथे लाँगइयरब्येनहून लहान पंखेवाले विमान जाते. अंतर सुमारे 110 किलोमीटर, म्हणजे बेळगावहून रस्त्याने कोल्हापूर गाठण्याइतके, फक्त तेथे रस्ता नाही. संकेतस्थळ या उड्डाणाला अडतीस मिनिटे देते, तर प्रत्यक्षात विमान अर्ध्या तासाच्या आत पोहोचते. शिवाय तेथील जागा कोणालाही सहज आरक्षित करता येत नाही, न्यू-ऑलेसुंडची वस्ती चालवणाऱ्या किंग्ज बे या कंपनीमार्फतच मिळतात, याचा उल्लेख कोठेही नाही.

प्रवासाचा खरा वेळ जातो तो जमिनीवर. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे आपसांत पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. त्यामुळे ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या प्रवाशांना ट्रॉम्सोला खाली उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि परतताना पुन्हा नॉर्वेत यायचे असल्याने भारतीयांना एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा घ्यावा लागतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊन निघालेला माणूस जाताना अडत नाही, येताना अडतो. संकेतस्थळाने याविषयी एक ओळ दिली असती, तरी आमचे दोन दिवस वाचले असते.

शोधाची सोयही कच्ची आहे. ‘बेळगावी’ लिहिल्यावर काहीच आले नाही, जुन्या इंग्रजी नावावर मात्र सांबरा विमानतळ लगेच सापडला. 2014 चे नामांतर तेथपर्यंत पोहोचलेले दिसत नाही, आणि आमच्या घरात त्याचे कोणाला फारसे दुःखही झाले नाही. त्यामुळे नावाऐवजी तीन अक्षरी संकेत टाकणे उत्तम: सांबऱ्यासाठी आयएक्सजी, ट्रॉम्सोसाठी टीओएस आणि लाँगइयरब्येनसाठी एलवायआर.