५० एमएम १.८ लेन्स : एक वर्ष वापरून झाल्यावरचं खरंखुरं मत

हे लिहायचं कारण असं की गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी इन्स्टावर मेसेज करून विचारलं, दादा कॅमेरा कोणता, मागचं असं पुसट कसं येतं. प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो म्हटलं. कॅमेरा काही भारी नाहीये हो, कॅनन १५००डी, तोही मावसभावाने बाळाचे फोटो काढायला घेतलेला आणि बाळ पळायला लागल्यावर कपाटात टाकलेला. फरक पडला तो लेन्समुळे. कॅनन ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम, म्हणजे लोक जिला नुसतं 'फिफ्टी' किंवा 'निफ्टी फिफ्टी' म्हणतात ती. यात ५० एमएम म्हणजे लांबचं किती जवळ दिसतं ते, १.८ म्हणजे आतलं छिद्र किती मोठं उघडतं ते (आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आणि मागचं जास्त पुसट), आणि एसटीएम हे फोकसच्या मोटरचं नाव. मी काही प्रो वगैरे नाही, नाशिकला सातपूरमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला आहे, शनिवार-रविवार गोदाघाटावर नाहीतर भांडी बाजारात असतो. एवढ्यावरून किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

आधी खरेदीचं रडगाणं. पहिली फिफ्टी मी सेकंडहँड घेतली, एका ऑनलाइन जाहिरातीवरून, साडेचार हजाराला. बाहेरून अगदी चकाचक, डबी, झाकण, सगळं. घरी आणून मोबाईलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फंगस, म्हणजे बुरशी! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "फोटोत दिसत नाही ना, मग काय प्रॉब्लेम आहे भाऊ", आणि त्यानंतर फोन उचलायचाच बंद झाला. चूक माझीच, टॉर्च तिथे उभं राहून मारायला पाहिजे होता. तर सेकंडहँड घेणाऱ्यांनो, दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. दोन-चार धूळकण असतातच, त्याला घाबरू नका, पण धागे किंवा ढगासारखं काही दिसलं तर नमस्कार करून निघा. मग दुसरी मी दुकानातून नवीनच घेतली, बिल-वॉरंटीसकट. आता ती हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुसरा इलाज नाही. आईने लोणच्याच्या बरणीशेजारी जागा दिलीय. तांदळात मात्र ठेवू नका, पिठाची धूळ जाते.

आता लेन्सचं. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. ही २०१५ ला आली, त्याआधीची जी १.८ दोन नंबरची होती ती १९९० ची, तिचं मागचं माउंट (कॅमेऱ्यात अडकतो तो भाग) प्लास्टिकचं आणि छिद्र लहान-मोठं करणारी ब्लेड पाच. हिचं माउंट धातूचं आहे आणि ब्लेड सात, त्यामुळे मागचे दिवे षटकोनी-पंचकोनी न दिसता बऱ्यापैकी गोल दिसतात. जुन्या बाजारात दोन्ही मिळतात आणि विकणारा दोन्हीला 'फिफ्टी वन पॉइंट एट' एवढंच म्हणतो, म्हणून एसटीएम लिहिलंय का ते नीट वाचा. फिल्टर लागतो ४९ एमएमचा.

पण या लेन्सची खरी मजा (आणि पहिले पंधरा दिवस खरा त्रास) म्हणजे हिला झूम नाही. आणि १५००डी सारख्या छोट्या सेन्सरवर ती ५० सारखी दिसतच नाही, १.६ ने गुणायचं, म्हणजे फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ८० एमएम एवढा आवाका. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर चौदा-पंधरा फूट मागे जावं लागतं. आमच्या घरात चौदा फूट सलग जागा फक्त पॅसेजमध्ये आहे, तिथे आजी खुर्ची टाकून बसलेली असते. घरातला वाढदिवस, सत्यनारायण, ग्रुप फोटो यासाठी ही लेन्स घेऊन गेलात तर गॅलरीतून बाहेर लटकावं लागेल. तुमचं मुख्य काम घरातलंच असेल तर कॅननचीच २४ एमएम २.८ येते, पापडासारखी चपटी, ती बघा. आणि निकॉनवाले असाल तर एक लक्षात ठेवा, डी३५०० किंवा डी५६०० वर जुनी डी वाली ५० लावली तर ऑटोफोकस होणार नाही, त्या बॉडीत मोटर नाहीये. १.८जी घ्यावी लागते, तिच्यात स्वतःची मोटर असते. माझ्या ऑफिसातल्या एकाची डी वाली घेऊन झालीय, आता हाताने फोकस करतो आणि सांगतो की मुद्दामच घेतली.

दुसरा त्रास फोकसचा. पहिल्या महिन्यात मी सगळं १.८ वरच काढत होतो. म्हणजे पैसे दिलेत तर वापरणार ना! सगळं कसं लोण्यासारखं पुसट. नंतर लॅपटॉपवर मोठं करून बघितलं तर दहातल्या सात फोटोंत नाक फोकसमध्ये आणि डोळे मऊ. नंतर कळलं की दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम सहा सेंटीमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो, बाकी सगळं गेलं. माणूस जरा हसून पुढे झुकला की संपलं. त्यात मी मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा हलवून फ्रेम करायचो, त्या हलवण्यातच पट्टा सरकतो. १५००डी ला नऊच फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला मधलाच काय तो तगडा, त्यामुळे मोह होतो. आता चेहरा असेल तर २.८, दोन माणसं असतील तर ४, आणि १.८ फक्त उजेड खरंच नसेल तेव्हा. लेन्स तीच, पण फोटो एकदम सुधारले.

उजेडाचं मात्र मान्य करायला पाहिजे. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम, ५० च्या आसपास नेली की ५.६ च्या खाली येत नाही. ही २ वर ठेवली तरी आठपट उजेड घेते. म्हणजे जिथे आयएसओ (उजेड कमी असला की वाढवायचा आकडा) ३२०० लावून फोटो रव्यासारखा रवाळ यायचा तिथे ४०० मध्ये काम होतं. रामकुंडावर संध्याकाळी आरतीच्या वेळी किट लेन्सने मी जे काढायचो आणि आता जे येतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर नाहीये हे विसरू नका, शटर १/८० सेकंदापेक्षा हळू नेलंत की हात हलल्याचं दिसतं, मी १/१२५ धरून चालतो. फक्त दुकानात एलईडी ट्यूब असेल आणि फोटोत आडवे पट्टे यायला लागले तर १/१०० वर या, आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, पट्टे बहुतेक वेळा जातात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एका दुकानदाराचे चाळीस फोटो पट्ट्यापट्ट्यांचे आले तेव्हा शोधलं. अडीच हजार भरून मी दोन दिवसांचं एक वर्कशॉप पण केलं होतं, तिथे हे नाही, पण सरांच्या युरोप टूरचे फोटो दोन तास दाखवले.

आता झूम नसण्याचा फायदा सांगतो. किट लेन्स असताना मी रस्त्याच्या पलीकडून, चोरून, ५५ वर नेऊन लोकांचे फोटो काढायचो. सगळ्यांच्या पाठी नाहीतर संशयाने बघणारे चेहरे. फिफ्टी लावली तेव्हा जवळ जावंच लागलं, आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. भांडी बाजाराजवळ एक कल्हईवाले काका बसतात, पहिल्या दिवशी मी न विचारताच कॅमेरा डोळ्याला लावला तर म्हणाले, "आधी सांगायचं ना रे बाळा, मी टोपी तरी नीट केली असती." एवढंच. मी उगाच वर्षभर घाबरत होतो. मग बसलो तिथेच. भांडं तापवून नवसागर टाकला की जो पांढरा धूर उठतो ना, आणि त्यात कापसाचा बोळा फिरवताना कथील आरशासारखं पसरतं, ते सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. पहिल्या रविवारी एकही धड मिळाला नाही. चौथ्या रविवारी मला आधीच कळायला लागलं की आता काका नवसागराच्या डब्याकडे हात नेणार. आता याचं श्रेय लेन्सला द्यायचं का, तर थोडं द्या. झूम असता तर मी लांबून दहा फोटो काढून घरी गेलो असतो.

एक मर्यादा इथेच सांगतो, ३५ सेंटीमीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. नथ, अंगठी, फुलातली मुंगी वगैरे विसरा. तांब्यावरचं नक्षीकाम बऱ्यापैकी येतं.

इन्स्टाचं पण विचारतात म्हणून सांगतो. मागच्या पावसाळ्यात गोदेला पूर आला, दुतोंड्या मारुतीला (नदीकाठची मूर्ती, पूर किती आला ते लोक तिच्यावरून मोजतात) पाणी कुठपर्यंत लागलं हे बघायला अख्खं नाशिक होळकर पुलावर, मी पण. रील टाकली, तुफान चालली, तीन दिवसांत चारशे फॉलोअर वाढले. आणि मग त्या चारशे जणांना माझ्या कल्हईत काडीचा रस नव्हता! पुढच्या पोस्टला नेहमीचे सत्तावीस लाईक, त्यातले पाच घरचे. तेव्हा जरा डोकं फिरलं होतं. त्याआधी मी सूर्यास्त, मांजर, मिसळ, लग्न, पांडवलेणी, सगळं एकाच खात्यावर टाकत होतो, बघणाऱ्याला कळणार तरी काय हा माणूस काय काढतो. मग शंभरेक पोस्ट उडवल्या आणि फक्त हाताने काम करणारी माणसं ठेवली. खाली मराठीत चार ओळी लिहायला लागलो, काय काम आहे, किती वर्षं करतायत, अवजाराला काय म्हणतात. लाईक फार वाढले नाहीत, पण कमेंट करणारी माणसं बदलली. कोणीतरी लिहितं आमच्या आजोबांकडे हेच होतं, कोणी सांगतं अमुक गल्लीत अजून एक जण बसतो, त्यातून पुढचा फोटो मिळतो. एका पितळी भांड्यांच्या दुकानदाराने तेच बघून वस्तूंचे फोटो काढायला बोलावलं, दोन हजार दिले. लेन्सचे सगळे नाही पण थोडे वसूल.

टेक्निकल चुका पण ऐकून ठेवा. मी सहा महिने कॅमेऱ्यात कलर स्पेस (रंग कसे साठवायचे ती सेटिंग) अॅडोबी आरजीबी ठेवला होता, कुठल्यातरी व्हिडिओत ऐकून, आणि मोबाईलवर गुलाल पण धुतल्यासारखा फिका का दिसतो म्हणून हैराण. अपलोड करताना एसआरजीबी पाहिजे. पूर्ण सहा हजार पिक्सेलची फाईल टाकून काही उपयोग नाही, इन्स्टा स्वतःच चेपून टाकतं, मी १०८० बाय १३५० ला कापून टाकतो. आणि २०२५ पासून प्रोफाईलवरची चौकट उभी झालीय, माझ्या जुन्या चौकोनी फोटोंच्या बाजू त्यात कापल्या गेल्या. मूळ फाईल फोनवरच ठेवू नका. फोटो दाखवायला फ्लिकर ही वेबसाइट पण आहे, फुकट खात्यात हजार फोटो बसतात, नवशिक्याला पुष्कळ झाले. आणि तो फोटोच्या मधोमध भलामोठा 'अमुक-तमुक फोटोग्राफी' वॉटरमार्क, कृपा करा. माझा पण होता. मावसभाऊ म्हणाला फोटोपेक्षा तुझं नाव शार्प आलंय.

रंगपंचमीला मी ही लेन्स तिवंधा चौकात रहाडीपाशी (रंगाचं पाणी भरलेला जुना हौद) नेली होती. रहाडीत कोणी उडी मारली की रंगाचं पाणी काय उडतं, आणि या लेन्सला कसलंही वॉटर सीलिंग वगैरे नाही. मी प्लास्टिकची पिशवी रबर लावून गुंडाळली आणि एका काकूंच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून काढले. तिथून ८० चा आवाका अगदी बरोबर बसला, उडी मारणारा एकटा फ्रेममध्ये, खाली नुसता रंग. वर्षातला माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे. काकूंनी चहा पण दिला, फक्त फोटो पाठवायचा शब्द घेऊनच.

बाकी फुटकळ. हूड (लेन्सच्या पुढे लावायचं कडं) डब्यात येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, पण घ्या, समोरून ऊन आलं की उपयोगी पडतो आणि एकदा लेन्स पायरीवर आपटली तेव्हा त्यानेच मार खाल्ला. हाताने फोकस करायची रिंग कॅमेरा चालू असल्याशिवाय काम करत नाही, बंद असताना कितीही फिरवा, बिघडली म्हणून घाबरू नका, तशीच आहे. पुढे कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेणार असाल तर त्याच्या आरएफ माउंटची ५० वेगळी येते, ही अॅडॅप्टर लावून चालते. रॉ फोटोंसाठी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईल) कॅननचंच डीपीपी सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला तेवढं बास, एडिटिंगच्या सबस्क्रिप्शनला पैसे नका घालवू.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आजीच्या पॅसेजसाठी.

आणि हो, कल्हईवाल्या काकांना त्यांचा फोटो चार बाय सहाचा प्रिंट करून दिला. बघितला, उलटा करून मागे काय लिहिलंय बघितलं, परत सुलटा केला आणि म्हणाले, "धूर चांगला आलाय. पण भांडं अर्धंच दिसतंय की." परवा रविवारी पूर्ण भांड्यासाठी जायचंय.